पेटंट, एकस्व की स्वामित्वहक्क? आणि ‘खटला’ कुठे, ‘दावा’ कुठे?

सोलापूरच्या एका महाविद्यालयातून प्रश्न आला आहे. वादविवाद स्पर्धेचा विषय ठरला: ‘सॉफ्टवेअरचे पेटंट आणि त्यावरचे खटले नव्या आविष्कारांना खीळ घालतात.’ फलक रंगवायच्या आधी एकांनी ‘पेटंट’ खोडून ‘स्वामित्वहक्क’ लिहिलं, दुसऱ्यांनी ‘एकस्व’. बरोबर काय, आणि बाकीचं वाक्य मराठी म्हणून चालेल का?

‘स्वामित्वहक्क’ नको, हे आधी सांगतो. मराठीत हा शब्द कॉपीराइटसाठीही वापरतात आणि एकूण बौद्धिक संपदेसाठीही. त्याच घरातला ‘स्वामित्वधन’ हा शब्द तर रॉयल्टीसाठी सरकारी कागदांत पक्का बसला आहे. वाळू-मुरूम उपसणारे तेच भरतात. विषय सॉफ्टवेअरचा असेल तेव्हा हा घोळ फारच महागात पडतो. भारतात संगणकाच्या आज्ञावलीला (प्रोग्रॅमला) 1957 च्या कॉपीराइट कायद्याने ‘साहित्यकृती’ म्हणून संरक्षण आहे. ते लिहिल्या क्षणापासून मिळतं, त्यासाठी नोंदणीची अट नाही. लिहिणारी व्यक्ती असेल तर ते तिच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतं. पेटंट मात्र अर्ज, तपासणी, हरकती यांतून जातं आणि अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षांनी संपतं. हे दोन्ही हक्क एकाच शब्दात कोंबले, तर स्पर्धेतले दोन्ही पक्ष वेगवेगळ्या गोष्टींवर भांडतील. कॉपीराइटसाठी ‘प्रताधिकार’ ठेवावा, पेटंटसाठी ‘एकस्व’.

‘एकस्व’ कानाला परका वाटतो, पण घडण सोपी आहे. ‘सर्वस्व गमावलं’ म्हणतो त्यातला ‘स्व’ म्हणजे धन, मालमत्ता. एकाचंच स्व ते एकस्व. नपुंसकलिंगी चालवावा: एकस्व मिळालं, एकस्वाची मुदत, अनेक एकस्वं, एकस्वधारक. शब्दाची एक उणीव: त्यातून ‘बनवण्याचा हक्क’ असा भास होतो. एकस्व म्हणजे वस्तू बनवण्याचा परवाना नव्हे, तो इतरांना मनाई करण्याचा हक्क आहे. माझ्या यंत्रात तुमच्या जुन्या शोधाचा भाग असेल, तर माझं एकस्व हातात असूनही तुम्ही मला थांबवू शकता. मोबाइल कंपन्या एकमेकींच्या अंगावर धावून जातात त्या यामुळेच.

‘पेटंट’चं मूळ मात्र उलट्या बाजूचं आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘उघडा’. राजाची जी सनद मोहोर न फोडता कुणालाही वाचता येई, ते ‘लेटर्स पेटंट’. शोध उघड करून सांगायचा आणि त्याबदल्यात मुदतीचा हक्क घ्यायचा, हा व्यवहार त्या शब्दात आहे. ‘एकस्व’मध्ये तो दिसत नाही. म्हणून बोलताना ‘पेटंट’ म्हणायला माझी अजिबात हरकत नाही. तो शब्द आपल्यात इतका मुरलाय की ‘त्याचं पेटंट वाक्य’ म्हणताना कायदा कुणाच्या मनातही येत नाही.

सोलापुरात आणखी एक वाक्य सर्रास ऐकू येतं: ‘चादरीचं पेटंट आपल्याकडे आहे.’ हे चूक आहे. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला आहे ते भौगोलिक मानांकन. ते एका माणसाचं नसतं, त्या भागातल्या उत्पादकांचं असतं. 20 वर्षांनी ते संपत नाही. दर 10 वर्षांनी नूतनीकरण करून कितीही काळ चालतं.

आता ‘सॉफ्टवेअरचे पेटंट’ हा शब्दप्रयोग. चादरीच्या जेकार्ड मागावर तो नीट कळतो. नक्षी आधी आलेखाच्या कागदावर चौकटी भरून काढतात आणि तिच्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडतात. जिथे भोक असतं तिथे सुई आत शिरते, तिचा आकडा उचलणाऱ्या पातीवर राहतो आणि ताण्याचा म्हणजे उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, आकडा पातीवरून सुटतो, धागा खालीच राहतो. एक पुठ्ठा म्हणजे धोट्याची एक फेक, बाण्याचा म्हणजे आडवा एक धागा. पुठ्ठ्यांचा क्रम चुकला की नक्षी मोडलीच. ही पुठ्ठ्यांची माळ म्हणजे आज्ञावली, आणि वरचा सांगाडा म्हणजे यंत्र. भारतीय पेटंट कायद्याचं कलम 3(के) ‘केवळ संगणक आज्ञावली’ला एकस्व नाकारतं. म्हणजे सांगाड्यात नवी युक्ती केली तर एकस्व मागता येईल, नुसत्या माळेवर नाही. मधल्या जागेवर वाद होतात. आज्ञावलीमुळे यंत्राच्या कामातच तांत्रिक फरक पडत असेल तर ती ‘केवळ’ राहत नाही, असा सूर दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अल्लानी प्रकरणात 2019 मध्ये लावला. त्यामुळे भारतापुरतं ‘सॉफ्टवेअरवर आधारित शोधाचं एकस्व’ हे लांबलचक वाटलं तरी खरं वर्णन आहे.

जाता जाता कारखानदारांच्या कामाचं: चादरीच्या नक्षीची डिझाइन कायद्याखाली नोंदणी होऊ शकत असेल आणि ती केली नसेल, तर कारखान्यात त्या नक्षीचे 50 हून जास्त नग निघताच तिच्यावरचा प्रताधिकार संपतो. म्हणून नक्षी बाजारात येण्याआधीच अर्ज करा.

‘खटले’ हा शब्द तर बदलायलाच हवा. खटला भरतात तो फौजदारी. त्यात आरोपी असतो, शिक्षा असते. एकस्वाचा भंग झाला की दाखल होतो तो दिवाणी दावा. त्यात वादी-प्रतिवादी असतात आणि मागणी मनाई हुकमाची व भरपाईची असते. प्रताधिकारभंगात मात्र कैदेचीही तरतूद आहे, तिथे ‘खटला’ शोभतो. एक अडचण राहते: एकस्वाच्या कागदात शोधाची हद्द आखणाऱ्या कलमांनाही ‘दावे’च म्हणतात. म्हणून न्यायालयातल्यासाठी ‘दिवाणी दावे’ असं पूर्ण लिहावं.

‘नवा शोध’ या अर्थाने ‘आविष्कार’ हिंदीतून आला आहे. मराठीत आविष्कार म्हणजे प्रकट होणं, जसं कलाविष्कार. इथे ‘नवनिर्मिती’ घ्या. ‘शोध’ही पुरत नाही, कारण आपण गुरुत्वाकर्षणाचाही शोध म्हणतो आणि इंजिनाचाही, एकस्व फक्त दुसऱ्याला मिळू शकतं.

राहिली ‘खीळ’. खीळ म्हणजे ठोकलेली मेख. दातखीळ बसली की तोंड उघडतच नाही. सॉफ्टवेअरच्या बाबतीत असं घडतं का? जीआयएफ चित्रांचं उदाहरण घ्या. त्यातल्या एलझेडडब्ल्यू या, फाइल लहान करण्याच्या पद्धतीवर युनिसिस कंपनीचं अमेरिकी एकस्व होतं. जीआयएफ 1987 पासून वापरात होतं. डिसेंबर 1994 मध्ये अचानक शुल्काची घोषणा झाली. चित्रांची छोटी साधनं लिहिणाऱ्यांचे हात बांधले गेले, ही खीळच. पण त्याच चिडीतून 1995 मध्ये कुणाच्याही एकस्वात न अडकणारी पीएनजी ही चित्रं साठवण्याची पद्धत तयार झाली आणि ती आजही वापरात आहे. अ‍ॅमेझॉनच्या एका-क्लिकच्या खरेदीचं 1999 चं एकस्व 2017 पर्यंत टिकलं, तरी ऑनलाइन दुकानदारी काही थांबली नाही. माझ्या मते वकिलांची फौज असलेल्यांना हा खर्च असतो, चार जणांच्या कंपनीला मात्र खीळ. कारण तिथे दावा जिंकण्याआधीच पैसे संपतात.

फलकासाठी हे वाक्य घ्या: ‘सॉफ्टवेअरवरील एकस्वे आणि त्यांवरचे दिवाणी दावे नवनिर्मितीला खीळ घालतात.’ ‘खीळ’ ठेवा. ती बसते की नाही, यावरच तर दोन्ही बाजूंनी बोलायचं आहे.