मधुमेहामुळे काळा पडलेला पाय कापावाच लागतो का? डॉक्टर हे कसे ठरवतात?

प्रत्येक वेळी कापावा लागत नाही. निर्णय मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असतो : पायापर्यंत रक्त पोहोचते का, आणि जंतुसंसर्ग किती वेगाने पसरत आहे.

बोट सुकून काळे झाले असेल, पण संसर्ग नसेल, तर थांबून रक्तप्रवाह सुधारण्याचा प्रयत्न करता येतो. याउलट ओला, दुर्गंधी सुटलेला गँगरीन (मांस मरून कुजणे) वर चढत असेल आणि सोबत ताप येऊन रक्तदाब घसरत असेल, तर संसर्ग रक्तात भिनून जीव जाऊ शकतो. तेथे विलंब करणे घातक ठरते.

रक्तप्रवाह पाहण्यासाठी घोट्याजवळच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागतात. गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी आल्यास धमनी अरुंद झाल्याचे समजतात. मात्र मधुमेहात धमन्या कॅल्शियम साचून कडक होत असल्याने हा आकडा पुष्कळदा फसवा, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा चांगला येतो, म्हणून पायाच्या अंगठ्यातील दाबही मोजतात. तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या खाली असल्यास जखम आपोआप भरण्याची आशा फारच कमी असते. तातडी नसेल, तर पायाच्या धमनीची अँजिओप्लास्टी (अरुंद धमनी फुग्याने रुंद करणे) किंवा बायपास (अडथळ्याला वळसा घालून रक्ताला नवी वाट करणे) शक्य आहे का, हे रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाला विचारल्याशिवाय पाय कापण्यास संमती देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

कापणे अटळ असले, तरी जखम भरून येईल अशा सर्वांत खालच्या पातळीवर ते करतात आणि शक्यतो गुडघा वाचवतात, कारण गुडघा शाबूत असल्यास कृत्रिम पायाने चालताना बरेच कमी श्रम पडतात.