न्यू ग्रास रिव्हायव्हल : बेला फ्लेक येण्याआधीची दहा वर्षं

झाकीर हुसेन, एडगर मायर आणि राकेश चौरसिया यांच्यासोबतचा 'ॲज वी स्पीक' ऐकून तुम्ही अमेरिकन बॅन्जोवादक बेला फ्लेकचा माग काढत त्याच्या जुन्या बँडपर्यंत, न्यू ग्रास रिव्हायव्हलपर्यंत पोचलात, आणि आता विचारताय की बेला येण्याआधीचं काही ऐकण्यासारखं आहे का. आहे. माझं ऐकाल तर सुरुवातच तिथून करा.

अमेरिकेत केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये 'ब्लूग्रास अलायन्स' नावाचा बँड होता. ब्लूग्रास म्हणजे बॅन्जो, फिडल (व्हायोलिन), मँडोलिन अशा तारवाद्यांवर वाजणारं अमेरिकन लोकसंगीताच्या वळणाचं संगीत. १९७१ च्या सुमारास बाकीच्यांचं फिडलवाल्याशी पटेनासं झालं. त्याला काढायचं तर बँडचं नाव त्याच्याच मालकीचं! मग चौघं बाहेर पडले. मँडोलिन आणि फिडलला सॅम बुश, बॅन्जोला कोर्टनी जॉन्सन, गिटार आणि डोब्रोला (आडवी धरून तारांवर धातूची पट्टी सरकवत वाजवायची गिटार) कर्टिस बर्च, बासला इबो वॉकर. न्यू ग्रास रिव्हायव्हल ह्या नव्या नावातलं 'रिव्हायव्हल', म्हणजे पुनरुज्जीवन, मुद्दाम आहे. ऑस्बोर्न ब्रदर्ससारख्या जुन्या बँडनी ब्लूग्रासची चौकट आधीच मोडली होती आणि ह्या मुलांना ते ऋण मान्य होतं. १९७२ च्या पहिल्या रेकॉर्डवर त्यांनी जेरी ली लुईसचं रॉक अँड रोल गाणं 'ग्रेट बॉल्स ऑफ फायर' वाजवलं. कर्मठ मंडळींना त्यांचे लांब केसही खुपायचे.

पण खरं वळण आणलं बासने. वॉकर गेला, बुच रॉबिन्स थोडे दिवस होता, आणि मग आला जॉन कोवन. हा मूळचा रॉकवाला, हातात इलेक्ट्रिक बास, आणि गळा सोल गायकाचा. ब्लूग्रासचा गायक नाकात, उंच पट्टीत गातो. कोवन त्याच उंचीवर छातीतून गातो. १९७५ चा 'फ्लाय थ्रू द कंट्री' लावा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. त्या काळात मैफलीत एकेक गाणं ते मनसोक्त लांबवत. कोर्टनीच्या बॅन्जोला बेलाची सफाई नाही, पण तो घाई करत नाही, आणि मला ते फार आवडतं.

पुढे रॉक गायक-पियानोवादक लिऑन रसेलसोबत दोनेक वर्षं दौरे झाले. सततच्या प्रवासाने दमून जॉन्सन आणि बर्च १९८१ मध्ये बाहेर पडले. त्यांच्या जागी बेला आणि गिटारवादक पॅट फ्लिन आले. ह्या संचाबद्दल तुम्हाला मी काय सांगणार! १९८७ च्या 'होल्ड टू अ ड्रीम'मधलं 'मेट्रिक लिप्स' मात्र हातावर ताल धरून ऐका, सम सापडायला वेळ लागेल. १९८९ मध्ये 'कॉलिन बॅटन रूज' हे गाणं कंट्री संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या चाळीसात गेलं, आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ग्रेटफुल डेड ह्या रॉक बँडच्या आधी वाजवून त्यांनी बँड थांबवला. बेलाने १९८८ मध्येच जमवलेला स्वतःचा बँड, फ्लेकटोन्स, पुढे चालवला.

पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत बँडमध्ये राहिला तो एकटा सॅम बुश. ब्लूग्रासमध्ये परंपरेने ड्रम नसतो. मँडोलिनच्या तारा दाबून मारलेला कोरडा 'चॉप'च ताल सांभाळतो. दोन्ही काळांतलं एकेक गाणं पाठोपाठ लावा, बॅन्जोकडे थोडं दुर्लक्ष करा आणि फक्त त्या चॉपवर कान ठेवा. बेलाला एवढं मोकळं कशामुळे वाजवता आलं, ते तिथे ऐकू येतं.