‘आत्मत्याग करावा’ की ‘स्वतःला नाकारावे’?

मिरजेच्या एका ताईंनी विचारलंय: ज्याला माझ्यामागे यायचंय त्याने स्वतःला नाकारून आपला वधस्तंभ उचलावा, या अर्थाचं येशूचं वचन मत्तय १६:२४ मध्ये आहे. तिथे घरच्या जुन्या बायबलात ‘त्याने आत्मत्याग करावा’ असं आहे आणि मोबाइलवरच्या भाषांतरात ‘स्वतःला नाकारावे’. अर्थ एकच का? त्यांच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, तरुण मुलं लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, चहा, चॉकलेट, इन्स्टाग्राम सोडतात, तो आत्मत्याग म्हणायचा का?

माझ्या मते अर्थ एकच नाही, आणि ‘नाकारावे’ मुळाच्या जास्त जवळ आहे.

मूळ ग्रीक क्रियापद आहे ‘अपार्नेओमाय’. हेच क्रियापद मत्तय २६:३४ मध्ये पुन्हा भेटतं. कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीन वेळा नाकारशील, असं येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, सांगतो. मग त्या रात्री येशूला अटक झाल्यावर अंगणात पेत्र काय म्हणतो? मी त्या माणसाला ओळखत नाही. म्हणजे इथे एखादी वस्तू नाकारलेली नाही, माणूस नाकारलाय, ओळखच तोडलीय. पेत्राने येशूच्या बाबतीत जे केलं ते शिष्याने स्वतःच्या बाबतीत करायचं. आतला ‘मी’ हक्क सांगत पुढे आला की म्हणायचं, मी याला ओळखत नाही.

‘आत्मत्याग’ या शब्दाची अडचण वेगळी. संस्कृत कोशांत त्याचा एक अर्थ आत्महत्या असाही आहे. मराठीत तो ऐकला की हुतात्मे आठवतात, म्हणजे एकदाच करायची मोठी गोष्ट. लूक ९:२३ मध्ये तर वधस्तंभ ‘दररोज’ उचलायला सांगितलंय.

आता ‘सोडणे’. हे आपलं जुनं, घरचं क्रियापद. चातुर्मासात कांदा-लसूण सोडतात, वांगं सोडतात, काशीला जाऊन आवडीचा पदार्थ सोडतात. मराठी ख्रिस्ती घरांतली लेंटची भाषा याच वळणाची आहे आणि ते मला फार आवडतं. मुलांनी चहा जरूर सोडावा. पण सोडण्याला मुदत असते, ईस्टरला चॉकलेट परत येतं. शिवाय सोडणारा ‘मी’ शाबूत राहतो, कधीकधी आणखी फुगतो. आज दुकानं आणि जाहिराती त्या ‘मी’शीच बोलतात: स्वतःसाठी घ्या, तुमचा हक्कच आहे. ‘ग्राहक’ शब्द ‘ग्रह्’ धातूतला, म्हणजे घेणारा, धरून ठेवणारा. संग्रह, आग्रह, परिग्रह ही त्याचीच भावंडं. ‘शिष्य’ आला ‘शास्’ धातूवरून, ज्याला शिकवायचं तो. ग्रीक ‘मथेतेस’चाही अर्थ शिकणारा असाच. घेणाऱ्याचा शिकणारा व्हायचा तर महिनाभर एक वस्तू कमी घेऊन भागत नाही.

साताऱ्याचा माणूस म्हणून इथे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून ते इथे आले, संन्यासी म्हणून राहिले आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तशिष्यांचा मेळा उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. अट एकच, ख्रिस्ताचं शिष्यत्व. १९१९ मध्ये ते गेले. पगार सोडणं कुणालाही दिसतं. पण मिशनमधलं आपलं स्थान आणि आपली माणसं कोण याची ठरलेली व्याख्या, तेही त्यांनी बाजूला ठेवलं. ‘नाकारणे’ मला तिथे दिसतं.

एक धोका मात्र सांगायलाच हवा. आपल्या भागातल्या कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज अशा जातींतले, ज्यांना गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यावरसुद्धा नाकारलं. त्यांच्या लेकीसुनांना ‘स्वतःला नाकारा’ म्हणजे ‘मुकाट सोसा’ असं सांगणं हा या वचनाचा विपर्यास आहे. वाक्यात कर्ता आणि कर्म एकच आहे. हे ज्याचं त्याने करायचं, दुसऱ्यावर लादायचं नाही.

तेव्हा ताई, उपासनेत जुनं वाचन चालू द्या, लोकांच्या ते तोंडात बसलंय. तरुणांसमोर मात्र ‘नाकारावे’ वाचा आणि लगेच पेत्राची ती रात्रही वाचून दाखवा.