ऑर्केस्ट्रापुढे माझा आवाज बुडतो, काय करू?

प्रश्न : आमचा कॉयर (गायकवृंद) इटालियन संगीतकार व्हर्दीचं ‘रेक्विएम’, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेची संगीतरचना, बसवतोय. मी आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, गाते. पियानोवरच्या तालमी छान झाल्या, पण पूर्ण ऑर्केस्ट्रा आला आणि ‘दिएस इरे’ या गर्जणाऱ्या भागात मला स्वतःचा आवाजच ऐकू येईना. जोर लावला तर घसा बसला. कार्यक्रम दोन आठवड्यांवर आलाय.

उत्तर : जोर लावणं आजपासून बंद करा. ट्रॉम्बोन आणि बास ड्रमशी गळ्याने झुंजता येत नाही. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून श्रोत्यांनाही ऐकू जात नाही असं समजू नका. ब्रास, म्हणजे ट्रॉम्बोनसारखी पितळी वाद्यं, तुमच्या पुढ्यात आहेत, श्रोत्यांच्या नाही. अशा वेळी कानावर विसंबू नये. सूर नीट लागला की गळ्यात, चेहऱ्याच्या हाडांत कसं जाणवतं ते घरी हळू आवाजात गाऊन पक्कं करा. ताल मात्र डोळ्यांनी, कंडक्टरकडे पाहून घ्या. मागच्या रांगेतून ऐकून गायलं की माणूस मागे पडतोच.

कोलाहलातून पार जातात ती व्यंजनं. ‘दिएस’मधला ‘द’ स्पष्ट उच्चारा, ‘इरे’तला ‘र’ फिरवा. आवाज न वाढवताही शब्द पोचतो. शिवाय हा उद्रेक पुढे परत परत येतो, थेट ‘लिबेरा मे’ या शेवटच्या भागापर्यंत. पहिल्याच वेळी सगळं उधळून टाकलंत तर शेवटच्या फ्यूगला (एकच धून एकामागून एक आवाज उचलतात त्या भागाला) उरणार काय?

२२ मे १८७४ रोजी मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये, कवी-कादंबरीकार मान्झोनी यांच्या पहिल्या स्मृतिदिनी, व्हर्दीने स्वतः हे संचालित केलं तेव्हा कोरसमध्ये सुमारे १२० गायक होते आणि ऑर्केस्ट्रात सुमारे १०० वादक. गायकांचं पारडं तिथेही फार जड नव्हतं. माझ्या मते या रचनेचा कस गर्जनेत लागतच नाही, तो हळू जागांत लागतो. सुरुवातीचा ‘रेक्विएम’ हा शब्द जवळजवळ कुजबुजत म्हणायचा असतो. त्यानंतरचं ‘ते देचेत हिम्नुस’ वाद्यांशिवाय आहे. तिथे सूर किंचित जरी उतरला तरी तारवाद्यं परत आली की सगळं उघडं पडतं. ‘लिबेरा मे’तही एका जागी सोप्रानो सोलोइस्टच्या (बायकांच्या वरच्या आवाजातल्या एकल गायिकेच्या) खाली कोरस एकटाच असतो. तिथे तिचा शेवटचा वरचा स्वर अतिशय हळुवार लागायचा असतो, आणि तुम्ही सूर सोडलात तर ती बिचारी अधांतरी राहते. उरलेल्या तालमींत मी या तीन जागांवरच सगळा वेळ घातला असता.

आणखी एक. मधला ‘ऑफर्तोरिओ’ हा भाग फक्त सोलोइस्टांचा आहे. त्या दहा मिनिटांत गळा थंड होतो आणि लगेच ‘सांक्तुस’ येतं : दोन कोरस, आठ आवाज, वेगवान फ्यूग. म्हणून बसल्या बसल्या पाठ ताठ ठेवा, श्वास खाली पोटापर्यंत जाऊ द्या, पाण्याचा घोट घ्या आणि पहिली ओळ मनात त्याच वेगाने म्हणत राहा.

तोवर तालमींत वरचे स्वर अर्ध्या आवाजात किंवा खालच्या सप्तकात घ्या. कंडक्टरला आधी सांगून ठेवा, कोणी नाही म्हणणार नाही. चार-पाच दिवसांत घसा मोकळा झाला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. गोळ्या चघळून रेटू नका.