जुन्या संगणकाला रॅम किती पेलते?

प्रश्न : आमचं कृषी सेवा केंद्र आहे. बिलं आणि साठा जुन्या डेस्कटॉपवर ठेवतो, विंडोज 7 आहे. खरिपाआधी 2 जीबी रॅमची 4 जीबी करून घेतली, पण संगणक 'वापरण्याजोगी 3.25 जीबी' दाखवतो. दुकानदारानं फसवलं का? (दारव्हा तालुका)

उत्तर : नाही, दुकानदारावर राग धरू नका. रॅम पूर्ण 4 जीबीच आहे, तुमचं विंडोज 32 बिटचं असणार. गावातल्या प्रत्येक घराला ग्रामपंचायतीचा घर क्रमांक असतो, तसा मेमरीतल्या प्रत्येक बाइटला क्रमांक लागतो. 32 बिटांत 4,29,49,67,296 क्रमांक बसतात, म्हणजे बरोबर 4 जीबी. त्यातलेही बरेच क्रमांक ग्राफिक्स आणि बोर्डावरच्या इतर भागांसाठी राखीव असतात. म्हणून उरलेली रॅम जागेवर असूनही तिच्यासाठी क्रमांकच शिल्लक राहत नाही.

64 बिट विंडोज हा उपाय आहे, पण आधी सीपीयू-झेड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बोर्डाचा चिपसेट, म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि इतर भागांना जोडणारी मुख्य चिप, कोणता ते पाहा. 945 मालिकेतला निघाला तर 64 बिट टाकूनही काही मिळणार नाही, कारण त्या चिपसेटचीच धाव 4 जीबीच्या क्रमांकांपर्यंत आहे. आहे त्यात समाधान माना, पैसे वाचतील. जी41 निघाला तर फायदा होईल. मात्र 32 वरून 64 वर जाताना विंडोज नव्यानं टाकावं लागतं. हिशेबाची प्रत आधी पेनड्राइव्हवर घ्या, प्रिंटरचा 64 बिट ड्रायव्हर मिळतो का तेही बघा. आणि हे काम बियाण्याची गर्दी ओसरल्यावरच काढा.

प्रश्न : शाळेतल्या जी41 बोर्डाच्या संगणकात डीडीआर3 प्रकारची 4 जीबी रॅम लावली, तर स्क्रीनच येत नाही. तीच रॅम दुसऱ्या, नव्या संगणकात चालते. (शिक्षिका, अर्जुनी मोरगाव)

उत्तर : ताई, रॅम हातात घेऊन तिच्यावरच्या काळ्या चिप मोजा. दोन्ही बाजू मिळून आठच असतील, तर कारण सापडलं. जी41 ला 2 गिगाबिटपर्यंतच्या चिप ओळखता येतात (8 गिगाबिट म्हणजे 1 जीबी). आठ चिपमध्ये 4 जीबी बसवायची तर प्रत्येक चिप 4 गिगाबिटची लागते, ती या बोर्डाच्या आवाक्याबाहेरची. सोळा चिपची 4 जीबी मागा. अशा दोन लावून 8 जीबी होते, तीच या चिपसेटची कमाल. दुकानात नुसतं 'डीडीआर3 द्या' म्हटलं की हमखास आठ चिपची हातात पडते. शाळेचा पैसा पै-पैनं जमतो, म्हणून बदलून देण्याची बोली आधीच करा.

प्रश्न : माझ्या छोट्या नेटबुकमध्ये अ‍ॅटम एन455 आहे. 4 जीबी होईल का? (विद्यार्थी, मेहकर)

उत्तर : नाही. त्या प्रोसेसरची मर्यादा 2 जीबी. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, लावलीस तर फरक जाणवेल.

प्रश्न : सेवा केंद्रात आय3-2100, एच61 बोर्ड आणि 64 बिट विंडोज 7 होम बेसिक आहे. 16 जीबी टाकू का? (आरमोरी)

उत्तर : तुमच्याकडे तीन मर्यादा आहेत, त्यातली सर्वांत लहान लागू होते. प्रोसेसर 32 जीबी चालवतो. एच61 ला दोनच स्लॉट आणि प्रत्येकी 8 जीबी, म्हणजे 16. पण होम बेसिक 8 च्या पुढे वापरतच नाही. वरची 8 जीबी नुसती बसून राहील.

मला काळजी वेगळीच वाटते. विंडोज 7 ची सुरक्षा अपडेट जानेवारी 2020 मध्ये थांबली, आणि तुमच्या यंत्रातून गावकऱ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती, सातबारे जातात. रॅमचे पैसे नव्या संगणकासाठी बाजूला ठेवा. तोवर यंत्र सुरूच झालं नाही किंवा स्क्रीन आली नाही तर रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं हलके पुसा आणि स्लॉटमधली धूळ ब्रशनं काढा. मात्र त्याआधी वीज बंद करून वायर काढायला विसरू नका.