नीती समाजच ठरवत असेल, तर रखमाबाई चुकल्या होत्या का?

वस्तुनिष्ठ नैतिकता, म्हणजे कुणाच्या मतावर अवलंबून नसलेली नीती, असं काही असतं का, की ज्या त्या काळी समाज मानतो तीच नीती, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते असते. त्यासाठी देव मानायचीही गरज नाही (मी मानत नाही).

एक खरा खटला घेऊ. १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी, बायको नांदायला येत नाही म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. बायको म्हणजे रखमाबाई. लग्न लागलं तेव्हा त्या ११ वर्षांच्या होत्या. मोठ्या झाल्यावर त्यांनी सांगितलं, मला काही कळत नसताना लावलेलं हे लग्न, मी जाणार नाही. न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला. अपिलात ते फिरलं, आणि १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. बाई तुरुंगाला तयार झाल्या! शेवटी १८८८ मध्ये २,००० रुपयांवर तडजोड झाली आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.

आता 'समाज मानतो ती नीती' हे इथे लावून बघा. टिळकांसकट बरीच वजनदार मंडळी त्यांच्या विरोधात होती. मग १८८७ मध्ये रखमाबाई अनैतिक होत्या, आणि लोकांची मतं बदलली तशा मागाहून नैतिक झाल्या? असं आपण म्हणत नाही. त्या तेव्हाही बरोबर होत्या, लोकांना उशिरा कळलं, असं म्हणतो. पण कळायला आधी काहीतरी असावं लागतं. नाहीतर बालविवाह बंद होणं आणि पागोटी जाऊन टोप्या येणं यात फरकच उरणार नाही.

या खटल्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. पिन्ही यांनी दाखवून दिलं होतं की नांदायला भाग पाडणारा असा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाहीच, तो इंग्लंडच्या कायद्यातून इथे आलाय. म्हणजे धर्म बुडाला म्हणून ओरडणारे विलायती मालाची राखण करत होते. नीतीच्या वादात कारणं द्यावी लागतात, ती तपासता येतात आणि खोटी ठरतात, ती अशी. चिंच आवडते की नाही यावर असा वाद होत नाही.

'पण प्रत्येक नियमाला अपवाद असतात' हा आक्षेप नेहमी येतो. तो मला फारसा जड वाटत नाही. महाभारताच्या शांतिपर्वात बारा वर्षांच्या दुष्काळात विश्वामित्र चांडाळाच्या घरून कुत्र्याचं मांस चोरतो. चोरी वाईट हे तिथे रद्द होत नाही, जीव वाचवणं त्याहून वरचढ ठरतं, एवढंच. परिस्थिती बदलली की उत्तर बदलतं, ते कुणाच्या मतामुळे नव्हे.

खरा अवघड आक्षेप जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाचा आहे. १९७७ मध्ये त्याने विचारलं, अशी नैतिक सत्यं असतील तर ती जगात आहेत कुठे, आणि आपल्याला दिसतात कशाने? दगडासारखी ती कुठे पडलेली नाहीत, हे कबूल. पण १७ ही मूळ संख्या आहे हे सत्यही कुठे पडलेलं नाही, तरी ते बहुमताने बदलत नाही. याने मॅकीचं तोंड पूर्ण बंद होत नाही, कारण काय करावं आणि काय करू नये हे गणित सांगत नाही, नीती सांगते. तिथे माझी बाजू लंगडी आहे. तरी रखमाबाई 'त्या काळापुरत्या' चुकल्या होत्या असं म्हणण्यापेक्षा हे लंगडेपण मला परवडतं.

आणि हे जुनं प्रकरणही नाही. ज्या इंग्लंडमधून तो दावा आला, तिथे तो १९७० च्या कायद्याने रद्द झाला. आपल्याकडे हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ९ मध्ये तो राहिला, आणि १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो वैध ठरवला. त्यात आता तुरुंग नाही, पण हुकूम मोडला तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. नीती समाजागणिक वेगळी मानणाऱ्यांनी सांगावं: नको असलेल्या नवऱ्याकडे बाईला कोर्टाने पाठवणं लंडनमध्ये चूक आणि मुंबईत बरोबर, असं आहे का?