अल्बेनियात चार दिवस: अवशेष बघू की बंकर?

चारच दिवस आहेत तर ग्रीक-रोमन अवशेष बघू की हुकूमशाहीवाली म्युझियम्स, असं विचारलंय तुम्ही. अहो, असे दोन कप्पे तिथं पडतच नाहीत. अपोलोनिया या प्राचीन ग्रीक शहराच्या अवशेषांचंच बघा, इ.स.पू. 44 मध्ये सीझरचा खून झाला तेव्हा पुढे रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस झालेला ऑक्टेव्हियन तिथं शिकायला होता, आणि आज त्याच टेकडीवर कम्युनिस्ट हुकूमशहा एन्वर होजानं बांधलेले काँक्रीटचे बंकर कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवलेले दिसतात. शत्रू येणार येणार म्हणून देशभर हजारोंनी बांधले, शत्रू काही आला नाही.

माझा आधी समज होता की नासधूस सगळी होजाच्याच काळातली. देवळं-मशिदींबाबत ते खरंय, 1967 ला त्यानं धर्मावरच बंदी आणली. पण उत्खनन त्याला हवंच होतं, आपण प्राचीन इलिरियन लोकांचे वंशज हे ठसवायला. ब्युट्रिंट या दुसऱ्या प्राचीन शहराच्या अवशेषांना मोठा दणका बसला तो राजवट गेल्यावर. 1992 ला ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं आणि 1997 ला त्या झटपट श्रीमंत करणाऱ्या स्कीमा बुडाल्या, लोकांची जन्माची पुंजी गेली, लोकांनी शस्त्रागारं फोडली आणि त्या धुमाकुळात ब्युट्रिंटचं म्युझियमही लुटलं गेलं. मग धोक्यातल्या वारशांची यादी, 2000 ला नॅशनल पार्क, आणि 2005 ला त्या यादीतून सुटका. हे माहीत असेल तर तिथं फिरताना नुसते दगड दिसत नाहीत.

एक सांगून ठेवतो, ब्युट्रिंटला फोटोतल्या मोझेकसाठी (रंगीत तुकड्यांच्या फरशीसाठी) म्हणून जाऊ नका, जपायला तो बहुतेक वेळ वाळूखाली झाकलेला असतो. थिएटरमध्ये मात्र पाणी साचलेलं असलं तरी निवांत बसा.

एक रात्र जिरोकास्टरला काढाच. दगडी छपरांचं गाव, होजाचं जन्मगाव. त्याच्या घराच्या जागी आता जुन्या संसाराची भांडीकुंडी मांडलेलं म्युझियम आहे, आणि वरच्या किल्ल्यात एकेकाळी तुरुंग होता. तिरानाला एक दिवस पुरतो, बंकआर्ट 2 हे बंकरमधलं म्युझियम मध्यवस्तीत आहे.

आणि कोर्फू या ग्रीक बेटावरून फेरीनं अल्बेनियातल्या सारांदा बंदराला उतरून परत ग्रीसला जाणार असाल तर आधी व्हिसा नीट बघा, अल्बेनिया शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही, सिंगल एंट्री असेल तर परतीला अडकाल.